पंपाआधी सेन्सर: चंद्रपूर-गडचिरोलीतला इन्सुलिनचा प्रश्न

टाइप १ मधुमेह झालेल्या मुलाचे आईवडील नागपूरच्या डॉक्टरांना दाखवून परततात तेव्हा एक प्रश्न त्यांच्या डोक्यात घोळत असतो: पंप बसवावा का? चंद्रपूर, बल्लारपूर, भद्रावतीच्या नोकरदार घरांत हा खर्चाचा प्रश्न असतो. चिमूर-सिंदेवाहीच्या शेतकऱ्याकडे तो कर्जाचा होतो. एटापल्ली, भामरागड, कोरचीत तो बहुधा विचारलाच जात नाही, कारण तिथे इन्सुलिनची बाटली वेळेवर हाती पडणं हीच पहिली अडचण असते. आजार मात्र तिन्हीकडे तोच, आणि इन्सुलिन चुकलं तर होणारा परिणामही तोच.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या दोन जिल्ह्यांत पंपाच्या आधी साखर सतत मोजणारा सेन्सर यायला हवा, आणि सेन्सरच्याही आधी साखर मोजायच्या पट्ट्या, चांगलं इन्सुलिन आणि शिकवणारा माणूस. हा उलटा क्रम गरिबांना स्वस्तात गुंडाळण्यासाठी नाही. इथलं ऊन, इथलं पाणी, इथलं काम आणि इथल्या लोकांचं रक्त, या साऱ्यांचा विचार केला की हाच क्रम योग्य ठरतो.

टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. त्यामुळे पथ्य, व्यायाम, गोळी यांनी भागत नाही. इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं, रोज आणि जन्मभर. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी या आजाराचं निदान म्हणजे काही महिन्यांत मृत्यू. भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही असल्याचं आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आलं, पण त्यातले बहुसंख्य टाइप २ चे. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार वीस वर्षांखालची टाइप १ ची सव्वादोन लाखांहून अधिक मुलं भारतात आहेत, जगात सर्वाधिक. मोठ्यांच्या शुगरच्या गर्दीत ही मुलं दिसेनाशी होतात. गावात ‘शुगर झाली’ म्हटलं की लोक भात कमी करा, कारल्याचा रस द्या असं सांगू लागतात. या मुलांच्या बाबतीत तो सल्ला जिवावर बेततो.

आता पंप. मुठीत मावेल एवढं हे यंत्र कंबरेला किंवा खिशात राहतं. आत इन्सुलिन भरलेली नळी असते आणि तिथून निघालेली बारीक लवचिक नळी पोटाच्या वा मांडीच्या कातडीखाली सोडलेल्या इवल्याशा प्लास्टिकच्या टोकाशी जाऊन मिळते. पंप चोवीस तास थेंबाथेंबाने इन्सुलिन सोडत राहतो, त्याला बेसल म्हणतात. जेवताना बटण दाबून जादा डोस द्यायचा, तो बोलस. पहाटे शरीराला इन्सुलिन जास्त लागतं, दुपारी कष्टाच्या वेळी कमी. सुईने दिलेलं लांब पल्ल्याचं इन्सुलिन एकदा आत गेलं की परत काढता येत नाही. पंपाचा वेग मात्र तासातासाला बदलता येतो, आणि त्याची खरी ताकद यातच आहे.

घरात हे कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. दर दोन-तीन दिवसांनी सेट बदलायचा. हात धुवायचे, जुनी चिकटपट्टी सोलायची, खाली लाली वा गाठ आहे का ते बोटाने चाचपायचं. नव्या नळीत इन्सुलिन ओढताना हवेचा बुडबुडा राहता कामा नये. नळी टिचक्या मारून तो वर आणून काढून टाकायचा, कारण त्या बुडबुड्याएवढं इन्सुलिन शरीरात जातच नाही. मग नवी जागा, स्पिरिटचा बोळा, पूर्ण वाळेपर्यंत थांबणं, आणि खटकन सुई आत. दोन तासांनी साखर मोजायची. ती चढत असेल तर आतली नळी मुडपली असं समजायचं. हे सारं साधारण दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण ते महिन्यातून दहा-पंधरा वेळा, एकदाही न चुकता व्हावं लागतं.

न चुकता, कारण पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. शरीरात साठा असा काही नसतोच. नळी निसटली, अडली, रात्री कुशीखाली दबली तर काही तासांत रक्तात कीटोन वाढू लागतात, उलट्या सुरू होतात, श्वास खोल आणि जड होतो. म्हणून पंप वापरणाऱ्याच्या घरी पेन किंवा सिरिंज आणि दुसरं इन्सुलिन तयार असावंच लागतं. इथे आणखी एक धोका आहे. आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या साध्या इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, तर पंपाचं आणि पेनचं इन्सुलिन १०० युनिटचं. १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये खुणेबरहुकूम ओढलं तर अडीचपट डोस जातो. रात्री घाबऱ्याघुबऱ्या झालेल्या घरात ही चूक सहज होऊ शकते. पंप हाती देणाऱ्याने सर्वात आधी हेच शिकवायला हवं.

मग पंपाने नेमकं किती फरक पडतो? काटेकोर इन्सुलिनोपचाराचा फायदा १९९३ मध्ये जाहीर झालेल्या डीसीसीटी या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासाने कायमचा सिद्ध केला. साखर काटेकोर सांभाळलेल्या गटात डोळ्यांच्या पडद्याचा विकार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रसंगही तिपटीच्या आसपास गेले. त्या गटात काही जण पंपावर होते, काही दिवसातून तीन-चार इंजेक्शनांवर. पंप आणि इंजेक्शन यांची खरी तुलना पुढे ब्रिटनमध्ये झाली. २०१७ च्या ‘रिपोज’ चाचणीत दोन्ही गटांना आधी सारखंच सविस्तर प्रशिक्षण दिलं, आणि मग पंपवाल्यांच्या एचबीए१सीमध्ये, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या आकड्यात, म्हणण्यासारखी जादा सुधारणा दिसली नाही. २०१९ मध्ये, नुकतंच निदान झालेल्या सुमारे तीनशे मुलांवरच्या ‘सिपी’ चाचणीतही वर्षाअखेर पंप सरस ठरला नाही. फायदा बऱ्याच अंशी शिकवण्याचा होता.

चित्र पालटलं ते सेन्सर पंपाला जोडल्यावर. सेन्सर दंडावर किंवा पोटावर बसतो आणि कातडीखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजतो. तो आकडा वाचून पंप स्वतःच बेसल कमीजास्त करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत अशा जोडयंत्रणेमुळे साखर ७० ते १८० च्या मध्ये राहण्याचा काळ दिवसाच्या ६१ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेला. म्हणजे रोज जवळपास अडीच तास जास्त. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने टाइप १ असलेल्या सर्व मुलांसाठी ही यंत्रणा सरकारी खर्चाने देण्याची शिफारस केली. भारतातही सेन्सरशी जोडलेले पंप मिळतात. किंमत काही लाखांत, आणि सेट, नळ्या, सेन्सर यांचा खर्च महिन्याला हजारोंनी. रोजगार हमीची मजुरी दिवसाला तीनशेच्या आसपास असलेल्या घराला हा खर्च झेपणारा नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण समजा, पैसा कुणी दिला. मग पुढची गाठ उन्हाशी. चंद्रपूरचा मे महिना देशातल्या सर्वात तापलेल्या ठिकाणांत गणला जातो. पारा ४६-४७ अंशांवर जातो. कातडीवरची चिकटपट्टी घामाने सुटते. पंपातलं इन्सुलिन कपड्याखाली, शरीराला लागून तापतं. साधारण ३७ अंशांच्या वर त्याचा भरवसा उरत नाही. एरवी इन्सुलिन वाटतं तितकं नाजूक नाही. जिनिव्हा विद्यापीठ आणि ‘सीमाविरहित डॉक्टर’ यांनी २०२१ मध्ये दाखवलं की २५ ते ३७ अंशांत वरखाली होत राहिलेलं इन्सुलिन चार आठवडे चांगलं टिकतं. २०२३ च्या कोक्रेन आढाव्यानुसार काही मानवी इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या ३७ अंशांपर्यंत दोन महिने राहू शकतात. म्हणून फ्रिज नसलेल्या घराने हाय खायचं कारण नाही. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात बाटली, वर ओलं फडकं, आणि सगळं सावलीत. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती उत्तम चालते, कारण हवा कोरडी असली की पाणी भराभर उडतं आणि गारवा देतं. पावसाळ्यात दमट हवेत ती तितकी चालत नाही, पण तेव्हा उष्माच उतरलेला असतो. बाटली थेट बर्फावर मात्र कधीही ठेवू नये. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं आणि ते नुसतं पाहून दरवेळी कळत नाही.

विजेची काळजी लोक जास्त करतात, पण ती तितकी मोठी नाही. बरेच पंप साध्या पेन्सिल सेलवर चालतात आणि सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. पंप आणि सेन्सर एकमेकांशी बोलतात त्याला मोबाइलचा टॉवरही लागत नाही. खरी अडचण रस्त्याची आहे. सेट संपला, सेन्सर खराब निघाला, पंपाने धोक्याची घंटा दिली, तर बदली वस्तू नागपूरहून येणार. गडचिरोलीपर्यंत पावणेदोनशे किलोमीटर, तिथून भामरागड जवळपास तेवढंच पुढे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क दिवसचे दिवस तुटतो. तिथे सेन्सर बंद पडला तर माणूस बोटाला टोचून पट्टीवर साखर मोजतो आणि निभावतो. पंप बंद पडला आणि हाताशी दुसरं इन्सुलिन नसेल, तर रात्रीतून जीव धोक्यात. सेन्सर आधी, असं मी म्हणतो त्याचं एक कारण हे.

दुसरं कारण इथलं काम. जुलै-ऑगस्टमध्ये धानाच्या रोवणीला बांधीतल्या चिखलात सकाळपासून वाकून उभं राहायचं. अशा श्रमाने साखर त्या वेळी उतरते आणि कधी कधी मध्यरात्री पुन्हा उतरते, कारण थकलेले स्नायू रात्रभर साखर ओढत राहतात. पंपावर बेसल आधीच कमी करून ठेवता येतं, हा त्याचा मोठा गुण. पण नळी, चिखल, कंबरेला खोचलेला पदर आणि डोक्यावरची मोळी यांचा मेळ बसणं कठीण. तेंदूपत्त्याच्या हंगामात लोक उजाडण्याआधीच जंगलात शिरतात. तिथे हात थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ते उन्हाने की साखर उतरल्याने, हे नुसतं ओळखता येत नाही. वाघाच्या जंगलात भोवळ येऊन पडणं म्हणजे काय, हे ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या माणसाला सांगावं लागत नाही. सोबत तीन चमचे साखरेची पुडी असावी. शेंगदाण्याचा लाडू उपयोगाचा नाही. तेलामुळे त्यातली साखर उशिरा पोचते. मोहाच्या दारूबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी दारू मिळते. दारू प्यालेल्या माणसाचं यकृत रात्री साखर सोडत नाही, आणि उतरलेली साखर आजूबाजूच्यांना नशाच वाटते.

ताटाचं म्हणाल तर इथे भातच मुख्य. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदकं; कष्टाच्या माणसाचं भरलेलं ताट सहज ऐंशी-नव्वद ग्रॅमवर जातं. दहा ग्रॅमला एक युनिट लागणाऱ्याने त्यासाठी आठ-नऊ युनिट घ्यायचे. घरातली एक वाटी ठरवून घेतली की हा हिशेब शाळा न शिकलेली आजीही करू शकते. भात सोडायला सांगण्यापेक्षा भात मोजायला शिकवणं जास्त माणुसकीचं आणि जास्त टिकाऊ आहे.

तिसरं कारण मला सर्वात महत्त्वाचं वाटतं, आणि शहरातल्या चर्चेत ते येतच नाही. या पट्ट्यात सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार आहे. एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशींवर चढलेल्या साखरेचा तीन महिन्यांचा हिशेब देते, आणि त्यासाठी पेशी सुमारे १२० दिवस जगतात असं धरलेलं असतं. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी दोन-तीन आठवड्यांतच मोडतात. हिशेब पुरा होण्याआधीच वही फाटते. आकडा खोटाच कमी येतो आणि ‘शुगर छान आहे’ असं सांगून मुलाला घरी पाठवलं जाऊ शकतं. सिकलसेलचा फक्त वाहक असलेल्यातही कोणत्या यंत्रावर तपासणी केली त्यानुसार आकडा चुकू शकतो. मलेरियाने झालेला पांडुरोग किंवा नुकतंच चढवलेलं रक्त यांनीही तो बिघडतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. त्यातून लोकांच्या हाती आलेलं सिकलसेलचं कार्ड मधुमेहाच्या डॉक्टरने पाहिलंच पाहिजे. अशा रुग्णाला रोजची साखर मोजण्याशिवाय किंवा सेन्सरशिवाय खरी वाट नाही. आणि इथे सेन्सर सतत लावायचीही गरज नाही. साधारण पाच हजारांच्या घरातला, चौदा दिवस चालणारा एक सेन्सर दर तीन महिन्यांनी, तपासणीच्या आधी लावला, तर वर्षाला चार सेन्सर पुरतात. वीस हजारांत रात्रीच्या उतरत्या साखरेसकट पूर्ण चित्र समोर येतं. एका पंपाच्या किमतीत अशी पंधरा-वीस मुलं सांभाळता येतील.

निदानाचा गोंधळ याही आधीचा. बारीक अंगाचा, पस्तिशीतला, साखर चारशे असलेला माणूस टाइप १ चाच असेल असं नाही. लहानपणच्या कुपोषणाशी जोडलेला मधुमेहाचा वेगळा प्रकार वेल्लोरच्या सीएमसीतल्या संशोधनाने पुन्हा चर्चेत आला, आणि एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय महासंघाने त्याला टाइप ५ म्हणून मान्यता दिली. अशा माणसाला भारी डोस दिले तर साखर धाडकन उतरते. भूक पाहिलेल्या या जिल्ह्यांत हा प्रकार मनात ठेवूनच पुढे जायला हवं.

लहान मुलांत तर निदान व्हायच्या आतच हातचं मूल जाण्याची भीती. सारखी लघवी, अंथरूण ओलं होणं, न भागणारी तहान, उतरलेलं वजन; मग उलट्या, धाप, गुंगी. मलेरियाच्या मुलखात हे मलेरियाच्या, न्यूमोनियाच्या नावाखाली खपतं, किंवा पुजाऱ्याकडे दोन दिवस जातात. इटलीतल्या पार्मा भागात शाळांमध्ये आणि डॉक्टरांकडे साधी भित्तिपत्रकं लावली, अंथरूण ओलं करू लागलेल्या मोठ्या मुलाची साखर तपासा म्हणून. काही वर्षांत, निदानाच्या वेळीच अत्यवस्थ असलेल्या मुलांचं प्रमाण ७८ टक्क्यांवरून १२.५ वर आलं. धाप लागलेल्या प्रत्येक मुलाच्या बोटाला एकदा टोचणं, एवढा नियम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला पाळता येईल.

आश्रमशाळांचा विषय मला सर्वात जास्त सलतो. दुर्गम तालुक्यांतली कितीतरी मुलं तिथे राहून शिकतात. टाइप १ झालेल्या मुलीला दिवसातून चार वेळा इन्सुलिन कोण देणार, रात्री दोन वाजता तिची साखर कोण पाहणार, जेवणाची घंटा उशिरा झाली तर तिला आधी कोण वाढणार? याची उत्तरं नसतील तर मूल घरी पाठवलं जातं आणि शाळा सुटते. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही मुलांना परीक्षेत खाऊ सोबत ठेवायची मुभा दिली. आश्रमशाळेतल्या मुलीला त्याहून खूप जास्त लागतं: अधीक्षिकेचं प्रशिक्षण, कपाटात तिच्या नावाचा डबा आणि फ्रिजमध्ये तिच्या बाटलीला हक्काची जागा.

मदतीचे नमुने आहेत. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांचा ड्रीम ट्रस्ट गरीब घरांतल्या टाइप १ च्या मुलांना वर्षानुवर्षं मोफत इन्सुलिन आणि शिक्षण देत आला. केरळ सरकारची ‘मिठाई’ योजना मुलांना इन्सुलिन पेन, सेन्सर आणि निवडक मुलांना पंपही देते. पश्चिम बंगालने जिल्हा रुग्णालयांत टाइप १ चे स्वतंत्र दवाखाने सुरू केले. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, आणि ग्लार्जिन हे लांब पल्ल्याचं इन्सुलिन २०२२ मध्ये देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आलं. पण महात्मा फुले योजनेसारख्या योजनांचा भर भरती झालेल्या रुग्णावर आहे. मूल भरती होऊ नये म्हणून रोज लागणाऱ्या चार पट्ट्या घरच्यांच्याच खिशातून जातात. चंद्रपूरला २०१५ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीचं २०२४ मध्ये सुरू झालं. दोन्हीकडे आठवड्यातून एक ठरलेला दिवस टाइप १ चा असावा, पट्ट्या आणि ग्लार्जिन तिथेच मिळावं, आणि सेन्सरची पेटी त्या विभागाच्या ताब्यात असावी. तिथे वर्षभर साखर मोजणं, वाटी मोजणं, सुई बदलणं जमलेल्या मुलांपैकी ज्यांची साखर तरीही रात्री उतरते, त्यांना सरकारने पंप द्यावा. भामरागडच्या मुलालाही द्यावा, दोन महिन्यांच्या जादा सेटसह.

हे इथे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांना गडचिरोलीचाच इतिहास उत्तर देतो. ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी खेड्यातल्या, जेमतेम शिकलेल्या बायकांना जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला झोपडीत जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला आणि घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ती पद्धत देशाच्या धोरणाने उचलली. दोन-अडीच किलोच्या बाळाला सुई देऊ शकणारे हात दहा वर्षांच्या मुलीला इन्सुलिन नक्कीच देऊ शकतात. पावसाळ्याआधी दुर्गम गावांना धान्य आगाऊ पोचवायची आणि दिवस भरत आलेल्या बायकांना दवाखान्याजवळ आणून ठेवायची पद्धत या जिल्ह्यात आहेच. त्याच यादीत इन्सुलिन, पट्ट्या आणि ४०-१०० च्या सिरिंजा चढवायला नवा कायदा लागत नाही. आई, अधीक्षिका आणि आशाताई यांची पहिली तुकडी मात्र मे महिन्यातच बोलवावी लागेल. जून उलटला की भामरागडहून कोण येऊ शकेल, हे पर्लकोटा ठरवते.